पिंजरे आणि प्रवचने : म्युन्स्टरच्या लाम्बेर्टी चर्चची कहाणी

जर्मनीच्या वायव्य भागात, वेस्टफालिया प्रांतात, म्युन्स्टर नावाचे जुने शहर आहे. शहराच्या मधोमध प्रिन्झिपालमार्क्ट ही व्यापारपेठ. दोन्ही बाजूंना वर निमुळत्या होत गेलेल्या दर्शनी भिंतींची घरे, त्यांच्या पायाशी कमानींच्या ओवऱ्या, आणि पेठेच्या उत्तर टोकाला सेंट लाम्बेर्टी चर्च. ते एका धर्मग्रामाचे कॅथलिक चर्च आहे. त्याचा मनोरा सुमारे ९० मीटर उंच असून त्यावर, घड्याळाच्या वरच्या अंगाला, तीन लोखंडी पिंजरे टांगलेले आहेत. १५३६ साली त्यांत तीन माणसांची प्रेते ठेवली होती.

पिंजरे पाहायला येणारे पुष्कळ असतात. पण याच चर्चमध्ये १९४१ च्या उन्हाळ्यात एका बिशपने दोन रविवारी दिलेली प्रवचने जर्मनीच्या इतिहासात तितकीच महत्त्वाची आहेत. या दोन घटनांमध्ये चारशे वर्षांचे अंतर आहे, तरी दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती : भर बाजारातल्या चर्चमधून उच्चारलेला शब्द. एकदा तो शब्द शहराला विनाशाकडे घेऊन गेला आणि एकदा तो खुनी राजसत्तेच्या आड आला. हे दोन्ही कसे घडले, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे.

व्यापाऱ्यांचे चर्च

मध्ययुगीन म्युन्स्टरमध्ये दोन सत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या. एक बिशपची. म्युन्स्टरचा बिशप हा केवळ धर्माधिकारी नव्हता, भोवतालच्या मोठ्या मुलखाचा तो राजाही होता. कर, न्याय आणि सैन्य त्याच्या हाती. त्याचे कॅथिड्रल तटबंदीच्या आतल्या वेगळ्या आवारात होते आणि तिथे शहराचे कायदे चालत नसत. दुसरी सत्ता नगरपरिषदेची आणि तिच्या पाठीशी असलेल्या व्यापाऱ्यांची व कारागीर संघांची. म्युन्स्टर हान्झा या व्यापारी नगरसंघाचे सभासद होते आणि कापडाच्या व्यापाराने गबर झाले होते.

या दुसऱ्या सत्तेचे चर्च म्हणजे लाम्बेर्टी. बाजाराच्या जागी इसवी सन १००० च्या सुमारापासून चर्च होतेच. १३७५ मध्ये त्या जागी नव्या, मोठ्या गॉथिक इमारतीचे काम सुरू झाले आणि ते पुढची सुमारे ७५ वर्षे चालले. आतील तिन्ही दालनांची उंची जवळपास सारखी ठेवण्याची वेस्टफालियाची खास पद्धत इथे वापरली आहे. त्यामुळे आत शिरताच मोठ्या सभागृहात आल्यासारखे वाटते. पैसा व्यापाऱ्यांचा होता आणि अभिमानही त्यांचाच. मनोऱ्यावर शहराचा पहारेकरी राही. १३८३ पासून त्याची नोंद सापडते. आग किंवा शत्रू दिसला की शिंग फुंकून शहराला जागे करणे हे त्याचे काम. म्हणजे हे चर्च प्रार्थनेपुरते नव्हते. बिशपच्या कॅथिड्रलसमोर शहराने उभे केलेले ते स्वतःचे ठाणे होते. सोळाव्या शतकात बिशपशी भांडण पेटले तेव्हा ठिणगी इथेच पडली, त्याचे कारण हेच.

रोटमानचे प्रवचन

भांडणाची कारणे जुनी होती. धर्मगुरू आणि मठ कर भरत नसत. मठांमध्ये माग चालत आणि तिथले कापड कारागीर संघांच्या मालाशी स्पर्धा करी. १५२५ मध्ये शेतकऱ्यांच्या उठावाचे वारे जर्मनीभर वाहत असताना म्युन्स्टरच्या कारागिरांनी मठांच्या मागांविरुद्ध दंगल केली होती. त्यानंतरच्या वर्षांत साथी आणि धान्यटंचाई आली. लोक पोळलेले होते आणि धर्मसुधारक ल्यूथरचे विचार छापील पत्रकांतून घरोघर पोचत होते.

अशा वेळी बर्नहार्ड रोटमान पुढे आला. तो तटाबाहेरच्या सेंट माउरिट्झ चर्चमधला तरुण धर्मगुरू, आणि विलक्षण वक्ता. त्याचे प्रवचन ऐकायला लोक शहर सोडून तटाबाहेर जाऊ लागले. बिशपने बंदी घातली, पण कारागीर संघांनी आणि बर्न्ट क्निपरडोलिंक या वजनदार कापडव्यापाऱ्याने त्याला शहरात आणले. फेब्रुवारी १५३२ मध्ये रोटमानने लाम्बेर्टीच्या आवारात उघड्यावर प्रवचन दिले. थोड्याच दिवसांत त्याच्या समर्थकांनी त्याला लाम्बेर्टीचा प्रवचनकार म्हणून बसवले. म्युन्स्टरमधले ल्यूथरपंथीयांच्या हाती गेलेले हे पहिले चर्च.

त्याच वर्षी फ्रान्झ फॉन वाल्डेक नवा बिशप झाला. त्याने शहराची व्यापारी कोंडी केली. शहराने प्रत्युत्तर दिले ते अनपेक्षित. २६ डिसेंबर १५३२ च्या पहाटे म्युन्स्टरच्या नागरिकांनी जवळच्या टेल्गटे गावावर छापा घालून बिशपच्या मंडळींतल्या अनेक मातब्बरांना ओलीस धरले. स्वतः बिशप तेवढा निसटला होता. शेवटी १४ फेब्रुवारी १५३३ रोजी ड्युल्मेनचा तह झाला. त्यानुसार शहरातली सहा धर्मग्राम चर्चे ल्यूथरपंथीयांकडे गेली आणि कॅथिड्रल कॅथलिकांकडे राहिले.

इथे थांबले असते तर म्युन्स्टर हे जर्मनीतल्या अनेक ल्यूथरपंथी शहरांपैकी एक ठरले असते. पण रोटमान थांबला नाही. त्या वर्षी त्याचे मत आणखी पुढे सरकले. तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा निरर्थक आहे, बाप्तिस्मा जाणत्या माणसाने समजून घ्यायचा असतो, असे तो सांगू लागला. आज हे मत निरुपद्रवी वाटेल. त्या काळी ते प्राणावर बेतणारे होते. १५२९ मध्ये श्पायरच्या साम्राज्यसभेने पुन्हा बाप्तिस्मा घेण्यासाठी मृत्युदंड ठरवला होता, आणि त्यावर कॅथलिक व ल्यूथरपंथी राजांचे एकमत होते. बाप्तिस्मा ही समाजात येण्याची नोंद होती. ती नाकारणे म्हणजे राज्य आणि धर्म यांची गाठच तोडणे, असे दोघांनाही वाटे. म्हणून नेदरलँड्समध्ये ॲनाबॅप्टिस्टांचा, म्हणजे पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्यांचा, छळ चालू होता. जगाचा अंत जवळ आला आहे आणि देवाच्या निवडलेल्या लोकांसाठी एक सुरक्षित नगरी, म्हणजे नवे जेरुसलेम, उभी राहणार आहे, अशी भविष्यवाणी त्यांच्यात पसरली होती. आधी ती नगरी स्ट्रासबुर्ग मानली जाई. रोटमानची कीर्ती पोचल्यावर सगळ्यांच्या नजरा म्युन्स्टरकडे वळल्या.

नव्या जेरुसलेमचे सोळा महिने

जानेवारी १५३४ च्या पहिल्या आठवड्यात हार्लेमचा बेकर यान माथिस याचे दोन दूत म्युन्स्टरमध्ये आले. त्यांनी रोटमानला बाप्तिस्मा दिला. आठवडाभरात सुमारे १,४०० प्रौढांनी तो घेतला. पाठोपाठ यान फान लायडेन हा पंचविशीच्या आसपासचा शिंपी आला आणि नंतर स्वतः माथिस. २३ फेब्रुवारीच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत ॲनाबॅप्टिस्ट निवडून आले आणि क्निपरडोलिंक नगराध्यक्षांपैकी एक झाला. म्हणजे सत्ता तलवारीने नव्हे, रीतसर निवडणुकीने हाती आली होती.

चारच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, बाप्तिस्मा घ्या नाहीतर शहर सोडा, असा हुकूम निघाला. कडाक्याच्या थंडीत, बर्फात, म्हातारेकोतारे आणि लेकुरवाळ्या बाया अंगावरच्या कपड्यांनिशी वेशीबाहेर ढकलल्या गेल्या. तेव्हाच बिशपच्या सैन्याने शहराला वेढा घालायला सुरुवात केली होती. पुढे सोळा महिने तो चालला.

आत काय घडले ते आपल्याला मुख्यतः दोघांच्या लिखाणातून कळते. एक हाइनरिश ग्रेसबेक हा सुतार, जो वेढ्यात आत होता. दुसरा हेर्मान फॉन केर्सेनब्रोक हा शाळामास्तर. त्याने बालपणी हे दिवस पाहिले आणि पुढे लॅटिनमध्ये मोठा इतिहास लिहिला. दोघेही ॲनाबॅप्टिस्टांचे वैरी होऊन लिहीत होते, हे ध्यानात ठेवावे लागते. पण मुख्य घटनांबाबत त्यांचा मेळ बसतो. पैसा आणि सोनेनाणे जमा करून घेण्यात आले. धान्यावर सर्वांची मालकी जाहीर झाली. कॅथिड्रलमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या. बायबलखेरीज इतर पुस्तके आणि शहराचे दस्तऐवज जाळले गेले, त्यांत कर्जाचे कागदही होते. ५ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, माथिस दैवी आदेशाच्या भरवशावर मोजके लोक घेऊन वेशीबाहेर पडला आणि बिशपच्या सैनिकांनी त्याला कापून काढले.

सूत्रे यान फान लायडेनकडे आली. त्याने निवडून आलेली परिषद मोडून बारा ज्येष्ठांचे मंडळ नेमले. जुलैत बहुपत्नीत्व सक्तीचे केले. शहरात तेव्हा पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. अनेक पुरुष कुटुंब मागे ठेवून पळाले होते, आणि परागंदा नवऱ्यांच्या बायकांनाही नवे नवरे पत्करावे लागले. या हुकुमाविरुद्ध जुलैअखेर शहरातच बंड झाले. ते मोडून बंडखोरांना ठार मारण्यात आले. ३१ ऑगस्टला बिशपचा मोठा हल्ला परतवला गेला आणि त्या विजयाच्या भरात यानने स्वतःला नव्या जेरुसलेमचा राजा म्हणून जाहीर केले. रोटमानने या सर्व काळात पुस्तिका लिहून प्रत्येक पावलाला धर्मशास्त्राचा आधार पुरवला. लाम्बेर्टीच्या आवारात न्याय मागणारा वक्ता दोन-अडीच वर्षांत दहशतीचा भाष्यकार झाला होता.

१५३५ च्या वसंतात भुकेने शहर गिळले. घोडे, कुत्री, मांजरे संपली. लोक गवत आणि चामडे खाऊ लागले. वेढ्यातून बाहेर पडणाऱ्यांना बिशपचे सैनिक पुढे जाऊ देईनात आणि मागे फिरायची सोय नव्हती. तट आणि खंदक यांच्यामधल्या पट्ट्यात माणसे तडफडून मेली. शेवटी ग्रेसबेक आणि आणखी काही फितुरांनी वाट दाखवली आणि २४ जूनच्या रात्री सैनिक आत घुसले. २५ जूनला शहर पडले. त्यानंतर जी कत्तल झाली ती बिशपच्या झेंड्याखाली झाली. रोटमानचे पुढे काय झाले ते कधीच उघड झाले नाही.

२२ जानेवारी १५३६

यान, क्निपरडोलिंक आणि बर्न्ट क्रेख्टिंग हे तिघे जिवंत सापडले. त्यांना सात महिने मुलखातून फिरवून, कोठडीत ठेवून, त्यांचे जबाब घेतले गेले. २२ जानेवारी १५३६ रोजी प्रिन्झिपालमार्क्टवर उभारलेल्या चौथऱ्यावर त्यांना आणले. लोखंडी गळपट्ट्यांनी खांबाला जखडले आणि तापवून लाल केलेल्या सांडशींनी अंगाचे मांस ओढून काढले. पहिली पाळी यानची होती. तासाभराने छातीत खंजीर खुपसून त्याला संपवले. ते पाहून क्निपरडोलिंकने गळपट्ट्यावर मान टाकून स्वतःचा गळा आवळायचा प्रयत्न केला. जल्लादांनी त्याला दोरीने घट्ट बांधले, आणि मग त्याचेही तेच केले.

तिघांची प्रेते तीन पिंजऱ्यांत घालून लाम्बेर्टीच्या मनोऱ्यावर चढवली. यानचा पिंजरा मधे आणि थोडा वर. हेच चर्च का निवडले, हे सांगायला नको. जिथून बंड सुरू झाले, जो मनोरा बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, तिथेच बिशपने आपला निकाल लटकवला. हाडे कित्येक वर्षे तिथे राहिली.

परिणाम दूरवर गेले. जर्मनीत ॲनाबॅप्टिस्ट म्हटले की म्युन्स्टर, हे समीकरण शतकानुशतके टिकले, आणि शस्त्र हाती न घेणाऱ्या शांतताप्रिय ॲनाबॅप्टिस्टांनाही त्याची शिक्षा भोगावी लागली. मेनोनाइट पंथाचा नेता मेनो सिमन्स याने म्युन्स्टरचा मार्ग स्पष्टपणे नाकारला. आज अमेरिकेत राहणारे आमिश याच शांततावादी शाखेतून आले आहेत. खुद्द म्युन्स्टरमध्ये मात्र लगेच सारे कॅथलिक झाले असे नाही. नवल असे की बिशप वाल्डेक स्वतःच पुढे ल्यूथरपंथाकडे झुकला होता. त्याला त्याच्याच धर्मपीठाच्या मंडळाने आणि सरदारांनी रोखले. शहर मनाने कॅथलिक झाले ते १५८८ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू आल्यावर, त्यांच्या शाळांतून आणि प्रवचनांतून.

तीस वर्षांच्या युद्धाचा १६४८ मध्ये शेवट करणाऱ्या वेस्टफालियाच्या वाटाघाटी म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या दोन शहरांत झाल्या. त्याच वर्षी १५ मे रोजी प्रिन्झिपालमार्क्टवरच्या नगरभवनात स्पेन आणि डच प्रजासत्ताक यांनी परस्परांच्या तहावर शपथ घेतली. धर्माच्या नावाने युरोप उद्ध्वस्त करून दमलेले हे मुत्सद्दी ज्या पेठेतून ये-जा करत होते, तिच्या टोकाला ते तीन पिंजरे होतेच.

प्रशियाची राजवट आणि नवा मनोरा

१८०३ मध्ये बिशपचे राज्य खालसा झाले आणि म्युन्स्टर प्रोटेस्टंट प्रशियाच्या ताब्यात गेले. आता कॅथलिक बिशप राजा उरला नाही. परक्या राजवटीत आपला धर्म जपणाऱ्या जनतेचा तो नेता झाला. हा बदल पुढच्या सगळ्या घटनांची किल्ली आहे. जर्मन चान्सलर बिस्मार्कने १८७० च्या दशकात कॅथलिक संस्थांवर सरकारी नियंत्रण लादले तेव्हा म्युन्स्टरचे बिशप योहान बर्नहार्ड ब्रिंकमान यांनी ते मानले नाही. १८७५ मध्ये त्यांना तुरुंगात टाकले गेले. नंतर ते हॉलंडमध्ये परागंदा झाले आणि १८८४ मध्ये परतले, तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. १८७२ मध्ये जेझुइटांना तर जर्मनीतूनच हद्दपार केले होते.

या धामधुमीतच लाम्बेर्टीचा जुना मनोरा कलू लागला. १८८१ मध्ये तो उतरवायला घेतला आणि पिंजरे खाली आले. नवा मनोरा फ्रायबुर्गच्या प्रसिद्ध चर्चच्या धर्तीवर बांधला गेला आणि १८९८ मध्ये पूर्ण झाला. पिंजरे दुरुस्त करून पुन्हा वर टांगण्यात आले. साडेतीनशे वर्षांनंतर ते काढून टाकण्याची संधी आयती आली होती, पण शहराने ती घेतली नाही.

लाम्बेर्टीचे धर्मगुरू

१९२९ मध्ये लाम्बेर्टीला नवे प्रमुख धर्मगुरू आले : क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन. वय ५१, उंची दोन मीटरहून अधिक, घराणे वेस्टफालियातल्या जुन्या सरदारांचे. सतराव्या शतकात म्युन्स्टरवर राज्य केलेला एक लढवय्या बिशप याच घराण्यातला. त्याआधी वीसेक वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये काम केले होते. विचाराने ते कट्टर राष्ट्रवादी आणि परंपरानिष्ठ. लोकशाही प्रजासत्ताकाविषयी त्यांना ममत्व नव्हते. त्यांची प्रवचने लांबलचक आणि रुक्ष असत, असे ऐकणारे सांगत. रोटमानसारखी वाणी त्यांच्याकडे मुळीच नव्हती.

२८ ऑक्टोबर १९३३ रोजी ते म्युन्स्टरचे बिशप झाले. हिटलर सत्तेवर येऊन नऊ महिने झाले होते. स्तुतीने नाही आणि भीतीनेही नाही, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्यांनी निवडले. पुढच्याच वर्षी त्यांनी नाझी विचारवंत आल्फ्रेड रोझेनबर्गच्या वंशवादी मांडणीवर जाहीर टीका केली. १९३६ मध्ये त्यांच्या धर्मप्रांतातल्या ओल्डेनबुर्ग भागात शाळांमधून क्रूस काढण्याचा हुकूम निघाला, तेव्हा गावकऱ्यांनी इतका कडवा विरोध केला की सरकारला माघार घ्यावी लागली. लोक एकवटले तर ही राजवट पाऊल मागे घेते, हे त्या वेळी दिसले.

१९४१ चा जुलै महिना निर्णायक ठरला. ६ जुलैपासून ओळीने काही रात्री ब्रिटिश विमानांनी म्युन्स्टरवर बॉम्ब टाकले. शहर जळत होते, आणि त्याच आठवड्यात, १२ जुलैला, गेस्टापो या गुप्त पोलिसांनी शहरातली जेझुइटांची घरे जप्त करून त्यांना प्रांताबाहेर हाकलले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. फॉन गालेन आपल्या जुन्या चर्चमध्ये, लाम्बेर्टीत, प्रवचनाला उभे राहिले. कोणत्या संस्थेची कोणती इमारत कधी घेतली, हे त्यांनी नावानिशी सांगितले. या मंडळींवर ना खटला चालला ना आरोप ठेवला गेला. गेस्टापो आज कुणालाही उचलू शकते आणि त्यावर कोणतेही न्यायालय नाही, असे ते म्हणाले. तुरुंगात असलेले प्रोटेस्टंट धर्मगुरू मार्टिन नीमोलर यांचे नाव त्यांनी आदराने घेतले. त्यांची मागणी एका शब्दाची होती : न्याय. पुढचे प्रवचन २० जुलैला जवळच्या युबरवासर चर्चमध्ये झाले.

३ ऑगस्ट १९४१

तिसऱ्या प्रवचनासाठी ते पुन्हा लाम्बेर्टीत आले. त्या दिवसाचे शुभवर्तमान होते, जेरुसलेम नगरीकडे पाहून येशू रडला तो प्रसंग. तिथून ते मनोरुग्णांकडे वळले.

१९३९ च्या शरदापासून हिटलरच्या लेखी परवानगीने एक गुप्त मोहीम चालू होती. मनोरुग्णालयांतून आणि अपंगांच्या संस्थांतून माणसांच्या याद्या मागवल्या जात. करड्या रंगाच्या बसमधून त्यांना नेले जाई आणि सहा ठिकाणी उभारलेल्या विषारी वायूच्या खोल्यांत मारले जाई. घरच्यांना न्युमोनिया किंवा तत्सम कारण लिहिलेले पत्र आणि हवी असल्यास राख मिळे. वेस्टफालियातल्या रुग्णांसाठीचे ठिकाण होते हाडामार. तिथे १९४१ च्या पहिल्या आठ महिन्यांत १०,००० हून अधिक माणसे मारली गेली. कुजबूज गावोगाव होती. पण तोपर्यंत या हत्यांना भरसभेत खून म्हणण्याचे धाडस एवढ्या मोठ्या पदावरच्या कोणी केले नव्हते.

फॉन गालेन यांनी ते केले, आणि एखाद्या वकिलाच्या काटेकोरपणाने केले. म्युन्स्टरजवळच्या मारियेनटाल रुग्णालयातून रुग्ण हलवले जाणार आहेत, असे कळल्यावर आपण २८ जुलैला सरकारी वकील आणि पोलीस प्रमुख यांच्याकडे लेखी फिर्याद दिली, असे त्यांनी भाविकांना सांगितले. दंडविधानाचे कलम २११ खुनाला मृत्युदंड सांगते. कलम १३९ नुसार होऊ घातलेल्या खुनाची माहिती असून जो कळवत नाही तोही गुन्हेगार ठरतो. मी कळवले, उत्तर आले नाही, आणि रुग्ण गेले, असे ते म्हणाले.

मग त्यांनी एका माणसाविषयी सांगितले. पंचावन्न वर्षांचा शेतकरी, काही वर्षे मनोविकाराने आजारी, मारियेनटालमध्ये ठेवलेला. तो भेटायला आलेल्यांना ओळखत असे, नातलग आले की त्याला आनंद होई. त्याचा मुलगा आघाडीवर सैनिक आहे. दोनच आठवड्यांपूर्वी तो रजेवर येऊन बापाला भेटून गेला. निघताना त्याला जड गेले, कारण आपण जिवंत परतू की नाही हे त्याला ठाऊक नव्हते. आता तो परतला तरी बाप भेटणार नाही, कारण बापाचे नाव निरुपयोगी माणसांच्या यादीत चढले आहे.

पुढचा युक्तिवाद ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात शिरणारा होता. जो काम करू शकत नाही त्याला मारायचे, हे तत्त्व एकदा मान्य केले की उद्या म्हातारे आईबाप, कामावर जायबंदी झालेले मजूर आणि हातपाय गमावून घरी आलेले सैनिक यांचे काय? दूध न देणाऱ्या गाईशी किंवा मोडक्या यंत्राशी जसे वागतात तसे माणसाशी वागायचे काय? चर्चमध्ये बसलेल्या जवळपास प्रत्येक कुटुंबातला कोणीतरी तेव्हा आघाडीवर होता.

कागद कसा पसरला

प्रवचने टंकलिखित झाली आणि हातोहात पसरली. वर्तमानपत्रे, रेडिओ, छापखाने सरकारच्या मुठीत असताना लोकांनी रात्री बसून प्रती काढल्या, कार्बन लावून, हाताने लिहून. त्या आघाडीवरच्या खंदकांपर्यंत पोचल्या. ब्रिटिशांनी त्यांतले उतारे विमानातून पत्रकांद्वारे टाकले. म्युनिकमध्ये शिकणाऱ्या हान्स शॉल या विद्यार्थ्याच्या हाती अशी एक प्रत आली. पुढच्या वर्षी त्याने मित्रांसह ‘व्हाइट रोझ’ या नावाने नाझीविरोधी पत्रके काढायला सुरुवात केली. ल्युबेकमध्ये योहानेस प्रासेक, हेर्मान लांगे आणि एडुआर्ड म्युलर हे तीन कॅथलिक धर्मगुरू आणि कार्ल फ्रीडरिश श्टेलब्रिंक हे ल्यूथरपंथी पाद्री ही प्रवचने वाटत होते. नाझींनी त्या चौघांना पकडले आणि १० नोव्हेंबर १९४३ रोजी हँबर्गमध्ये त्यांचा शिरच्छेद केला.

खुद्द बिशपला मात्र हात लागला नाही. नाझी पक्षाच्या काही अधिकाऱ्यांनी त्यांना फासावर देण्याची सूचना केली होती. त्यांना मारले तर म्युन्स्टर आणि सारा वेस्टफालिया युद्धाच्या कामी हातचा जाईल, असा प्रचारमंत्री गोबेल्सचा सल्ला होता. हिटलरने हिशेब युद्धानंतर चुकता करायचे ठरवले. त्याऐवजी बिशपच्या हाताखालचे अनेक धर्मगुरू छळछावण्यांत गेले आणि त्यांतले काही तिथेच मेले. हे ओझे आपल्या मनावर आहे, हे फॉन गालेन यांनी लपवले नाही.

प्रवचनाला तीन आठवडे होतात तोच, २४ ऑगस्ट १९४१ रोजी, हिटलरने वायूच्या खोल्यांतली मोहीम थांबवण्याचा आदेश दिला. तोवर ७०,००० हून अधिक माणसे मारली गेली होती. थांबण्यामागे इतरही कारणे होती, पण लोकांमधली अस्वस्थता हे त्यांतले मोठे कारण होते. मात्र हत्या थांबल्या नाहीत, त्यांची पद्धत बदलली. औषधांचे जादा डोस, इंजेक्शने आणि उपासमार यांनी रुग्णालयांतच माणसे मारली जाऊ लागली, आणि ते युद्ध संपेपर्यंत चालले. हाडामारमध्येही १९४२ च्या ऑगस्टपासून पुन्हा सुरुवात झाली आणि आणखी ४,००० हून अधिक जीव गेले.

हिशेब

१० ऑक्टोबर १९४३ रोजी, रविवारी दुपारी, अमेरिकन विमानांनी म्युन्स्टरच्या मध्यवस्तीवर बॉम्ब टाकले. नंतरही आणखी हल्ले झाले. युद्ध संपले तेव्हा जुन्या शहराचा बहुतेक भाग ढिगाऱ्यात गेला होता. लाम्बेर्टीही मोडले होते. फॉन गालेन यांनी आता ब्रिटिश सैन्याच्या कारभारातल्या अन्यायाविरुद्धही तितक्याच मोकळेपणाने आवाज उठवला. फेब्रुवारी १९४६ मध्ये पोपने त्यांना कार्डिनल केले. १६ मार्चला ते परतले तेव्हा पडक्या कॅथिड्रलसमोर हजारो लोक जमले होते. त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ मार्चला, त्यांचे निधन झाले. ९ ऑक्टोबर २००५ रोजी चर्चने त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले.

त्यांचा गौरव करताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नोव्हेंबर १९३८ मध्ये म्युन्स्टरचे सिनेगॉग जाळले गेले, तेव्हा त्यांनी प्रवचनपीठावरून निषेध केला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये, लाम्बेर्टीतल्या त्या प्रवचनानंतर चारच महिन्यांनी, म्युन्स्टर आणि आसपासच्या ज्यूंना आगगाडीत भरून रीगाला पाठवले गेले. त्याही वेळी तसा आवाज उठला नाही. ज्या माणसाने निरपराधाचा जीव घेणे कधीच मान्य नाही असे ठासून सांगितले, त्याचे हे मौन बोचते. रशियावरचे आक्रमण तर त्यांना बोल्शेविकांविरुद्धची न्याय्य लढाई वाटत होती.

तरीही ३ ऑगस्टचे प्रवचन लहान ठरत नाही. ते परिणामकारक का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. रोटमानकडे वक्तृत्व होते आणि आपणच निवडलेले आहोत असा आश्वासक दावा होता. त्यातून शहर आतून दुभंगले. फॉन गालेन यांच्याकडे वक्तृत्व नव्हते. त्यांच्याकडे रुग्णालयाचे नाव होते, तारीख होती, कलमाचा आकडा होता आणि एका शेतकऱ्याची हकीकत होती. त्यांच्या शब्दाने भाविकांना इतरांपासून तोडले नाही, तर सर्वांत दुबळ्या माणसांशी जोडले. आणि तो शब्द लाम्बेर्टीच्या भिंतींबाहेर नेला तो प्रती काढणाऱ्या, पकडल्या जाणाऱ्या, बहुतांशी अनाम राहिलेल्या लोकांनी.

लाम्बेर्टी पुन्हा बांधले गेले आणि पिंजरे तिसऱ्यांदा वर गेले. १९८७ मध्ये लोथार बाउमगार्टेन या कलावंताने त्यांत तीन छोटे दिवे लावले. ते अंधार पडल्यावर उजळतात. पहारेकऱ्याचे पदही शहराने टिकवले आहे. मंगळवार सोडून रोज रात्री नऊ ते बारा दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरून शिंग वाजते, आणि २०१४ पासून हे काम इतिहासात प्रथमच एक स्त्री करते आहे. बिशपने बंडखोरांवर केलेल्या क्रौर्याची खूण आणि बिशपने क्रौर्याविरुद्ध दिलेल्या प्रवचनाची आठवण हे शहर एकाच इमारतीत जपते. दोहोंपैकी एक झाकून दुसरी मिरवणे सोपे होते. म्युन्स्टरने दोन्ही ठेवल्या, आणि इतिहासाशी वागण्याची हीच रीत बरोबर आहे.